पैनगंगेच्या अलीकडे

वाशीमच्या बाजारात गुळासाठी तुम्ही रुपया पुढे करता. दुकानदार तो उलटापालटा करून पाहतो आणि परत तुमच्या तळहातावर ठेवतो. "हा हाली हाय, गुरुजी. कळदार असन तं द्या."

रुपयावर चारमिनार आहे, म्हणजे तो निजामाचा. कळदार तो हिंदुस्थान सरकारचा. सात हालीला सहा कळदार हा हिशेब सरहद्दीवरच्या पोरासोरांनाही येतो. पण निजामाने आपल्या मुलखात कळदार बेकायदा ठरवला, तेव्हापासून इकडचे दुकानदारही हालीला नाक मुरडतात. साल १९४८, जानेवारीचा मध्य, संक्रांत नुकतीच झालेली. देश स्वतंत्र होऊन पाच महिने झाले. तुमचे गाव अजून झालेले नाही.

तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. नदीपलीकडे, परभणी जिल्ह्यातल्या हिंगोली तालुक्यात, एका लहान गावात शाळामास्तर होतात. मुलांना मराठीतून पाढे शिकवायचे आणि वर अहवाल उर्दूतून पाठवायचे, अशी नोकरी. गेल्या पावसाळ्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला तेव्हा तुम्ही शिंदीची झाडे तोडलीत. शिंदीवरच्या अबकारीतून निजामाची तिजोरी भरते, म्हणून झाडावर कुऱ्हाड. त्या कुऱ्हाडीने कोणाचे रक्त सांडले नव्हते. तरी वॉरंट निघाले, आणि दिवाळीच्या आगेमागे तुम्ही रातोरात पैनगंगा ओलांडलीत.

अलीकडे वाशीम. अकोला जिल्ह्यातला एक तालुका, मध्यप्रांत-वऱ्हाडातला, म्हणजे हिंदी संघराज्यातला. (वेगळा जिल्हा व्हायला अजून पन्नास वर्षे आहेत, १ जुलै १९९८ पर्यंत थांबावे लागेल.) गंमत अशी की हे वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच. १९०२ साली इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढे हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब देऊन समजूत काढली. आता इकडे तिरंगा आहे आणि तिकडे आसफजाही झेंडा. मध्ये जानेवारीतले गुडघाभर पाणी.

गावाबाहेरच्या एका बंद जिनिंगमध्ये तुमचा कॅम्प आहे. लोणार, वाशीम, पुसद, उमरखेड अशी सरहद्दीच्या अलीकडची गावे तुमच्यासारख्यांनी भरली आहेत. जिनिंगमध्ये सरकी आणि गंधक यांचा मिळून एक वास येतो. सरकी आधीपासूनची, गंधक तुम्ही आणलेला. चार भरमार बंदुका, एक बारा बोर, बाकी गावठी बॉम्ब. ज्यांच्या खांद्याला त्या बंदुका लटकतात त्यांच्या डोक्यावर खादीची टोपी आहे.

याच आठवड्यात दिल्लीत गांधीजी उपोषणाला बसले आहेत. १३ तारखेला सुरू केले, हिंदू-मुसलमानांनी एकमेकांचे गळे कापू नयेत म्हणून. तुम्ही चिंधीने नळी पुसता पुसता दुसरा कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवतो. वाचणारा मध्येच थांबतो. पुसणारेही थांबतात. मग कोणीतरी म्हणते, भेकडपणापेक्षा हिंसा बरी असे बापूंनीच पूर्वी लिहून ठेवले आहे. ते खरे आहे, १९२० सालीच लिहिले होते. पण ते वाक्य ज्या घाईने सांगितले जाते त्या घाईवरूनच कळते, की सांगणाऱ्याची खात्री पटलेली नाही.

तुम्हाला पोटभर भाकरी पुरवणारे वाशीमचे एक वकील आहेत. बेचाळीसला जेलमध्ये होते. ते बंदुकीला हात लावत नाहीत आणि तुम्हाला नकोही म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. "गुरुजी, चिमूर आठवतं? बेचाळीसच्या १६ ऑगस्टला लोकांनी अंमलदार मारले. त्याच दिवशी आष्टीला ठाण्यात शिपाई जाळले. मारणाऱ्यांना फाशीच्या शिक्षा झाल्या, ते मोठे झाले, त्यांचे पोवाडे झाले. पण चिमूरला नंतर पलटण आली तेव्हा घरात कोण होतं? बाया होत्या. सेवाग्रामच्या भणसाळींनी त्रेसष्ट दिवस अन्न सोडलं ते त्या बायांसाठी." इतके बोलून ते टोपी झटकतात. "तुम्ही तर नदी ओलांडून परत येणार. गाव कुठं येतंय?"

याला उत्तर द्यायचे तुम्ही टाळता.

बेत करोडगिरीच्या नाक्याचा ठरतो. नदीपार जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीवर, गुळाच्या ढेपेवर, मिठाच्या पोत्यावर निजामाची जकात बसते, ती वसूल करणारी चौकी. नाके जाळले की वसुली थांबते, सरकारचा दरारा जातो, लोकांना धीर येतो. सरहद्दभर हेच चालू आहे. नाका पेटवायचा, पेटी आणायची, दप्तर जाळायचे. माणूस मारायचा का, यावर चर्चा होते आणि ती अर्धवट सोडली जाते. 'वेळ पडली तर' हे तीन शब्द सगळ्यांना सोयीचे वाटतात.

रात्री दोनच्या सुमाराला तुम्ही शाळूच्या उभ्या पिकातून वाकून चालता आहात. थंडीने बोटे वळत नाहीत. नाक्यावर तीन शिपाई असतात असे कळले होते, प्रत्यक्षात एकच आहे आणि तो बंदूक टाकून पळतो. निजामाच्या बाजूने लढणारा रझाकार एकही नाही. आत घोंगडी पांघरून नाकेदार झोपला आहे. कंदील वर करताच तो उठून बसतो, डोळे चोळतो आणि तुमच्याकडे बघून म्हणतो, "मास्टरसाब? तुम?"

त्याचा धाकटा तुमच्या शाळेत होता. वजाबाकीत हातचा घ्यायला विसरायचा.

तुमच्या टोळीचा नायक, ज्याला सगळे दादा म्हणतात, तुम्हाला बाजूला घेतो. आवाज चढवत नाही. "त्यानं तुम्हाला ओळखलं. गाव तुमचं. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा." बाहेर पोरे छपरावर रॉकेल ओतत आहेत. तुमच्याकडे छप्पर पेटेपर्यंतचा वेळ आहे.

याला मारले तर नाव कळणार नाही. पण एक निःशस्त्र पगारी माणूस, ज्याने आजवर कोणाच्या अंगाला हात लावल्याचे ऐकिवात नाही, तो तुम्ही खुनशीपणाने नाही तर सोयीसाठी मारलेला असेल. खुनशीपणाने मारलेल्याला निदान राग हे कारण असते. याला सोडले तर सकाळी तो हिंगोलीच्या कचेरीत जाईल. जाईलच असे नाही, पण नोकरी टिकवायची तर त्याला काहीतरी सांगावे लागेल. आणि मग गावात तुमची आई आहे, शेजारी आहेत, शाळेची पंचवीस पोरे आहेत. तिसरा मार्ग, याला बांधून नदीपार न्यायचा. पण जिनिंग म्हणजे तुरुंग नव्हे. नोव्हेंबरात दिल्लीने निजामाशी जैसे थे करार केला आहे, पलीकडचा सरकारी नोकर वाशीमला कोंडलेला सापडला तर इकडचे अंमलदार, जे आज डोळेझाक करतात, त्यांना डोळे उघडावे लागतील. सगळा कॅम्प उठेल.

युरोपातल्या लोकांनाही हेच कोडे पडले होते, सहा वर्षांपूर्वी. प्रागमध्ये चेकोस्लोव्हाक माणसांनी हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर बॉम्ब टाकला, तो मेला, आणि १० जून १९४२ ला नाझींनी लिदित्से नावाचे गाव पुसून टाकले. गावातले पुरुष भिंतीशी उभे करून मारले. त्या गावाचा कटाशी संबंध नव्हता. कट करणाऱ्यांनी हा सूड आधी गृहीत धरला होता का, धरायला हवा होता का, यावर तिकडे अजून वाद आहेत. माझे मत विचाराल तर सुडाचे पाप सूड घेणाऱ्याचेच. पण कोणत्या घरावर तो कोसळेल हे ज्याला आधीपासून माहीत आहे, त्याला एवढ्यावर झोप लागू नये.

तुम्ही नाकेदाराला सोडता. त्याला शपथ घालत नाही. शपथ मोडावी लागली तर तेवढे एक ओझे त्याच्यावर नको, असे काहीसे मनात येते. "मैं नै देखा," तो म्हणतो, आणि घोंगडी तशीच पांघरून अंधारात जातो. दादा काही बोलत नाही. तुम्ही दप्तर चाळता, कारण टोळीत उर्दू वाचता येणारे तुम्ही एकटेच आहात. नोंदवहीत तुमच्याच गावच्या माणसांची नावे आहेत, कोणी किती पोती नेली, किती दंड भरला. ती वही आगीत जाते. पेटीतले हाली रुपये जिनिंगमध्ये दोघांसमोर दोनदा मोजले जातात आणि चिठ्ठीवर दोन सह्या होतात. पैशाच्या बाबतीत ही चळवळ फार कडक होती. एक आणा इकडचा तिकडे झाला तर माणसाला कॅम्पातून हाकलत.

आठ दिवसांनी तुमच्या गावचे लोक वाशीमला येतात. बैलगाडी एकच, तीही उसनी. बाकी सगळे पायी, डोक्यावर बोचकी. रझाकार आणि पोलीस मिळून आले होते. अकरा घरे जळली, दोन माणसे गेली, कडबा आणि धान्य नेले. तुमची आई आली आहे, हाताला भाजले आहे. शेजारच्या मावशी आल्या आहेत, त्यांचा मुलगा आलेला नाही. (गावाचे नाव घालत नाही, असे घडलेली गावे मराठवाड्यात बरीच होती.) मावशी तुमच्यावर ओरडत नाहीत. जिनिंगच्या ओट्यावर बसतात, पदराने घाम पुसतात आणि म्हणतात, "मास्तर, तुमी लोकं रातच्याला येता, जाळ करता अन् जाता. सकाळ आमच्यावर उगवती."

कॅम्पात संताप आहे आणि संतापाला माणूस हवा असतो. तो दोन दिवसांत मिळतो. गावचा येसकर. इतरांच्या मागाहून एकटा आला, अंगावर ओरखडाही नाही, आणि पोलीस आले तेव्हा वाट दाखवायला हाच पुढे होता असे एकाने पाहिले आहे. येसकर म्हणतो, सरकारी माणूस आला की वाट दाखवणे हेच माझे वतन, नाही म्हटले असते तर तिथेच गोळी घातली असती. हे म्हणणे साधे आणि खरे वाटण्यासारखे आहे. पण तो महार आहे. हैदराबादेत व्यंकटराव आणि श्यामसुंदर या दलित पुढाऱ्यांनी निजामाशी हातमिळवणी केल्याचे सगळ्यांनी वाचले आहे. निजामाची बाजू घेऊन आपल्या समाजाने बदनाम होऊ नये, असे बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबरातच जाहीर केले, हे वाचलेले मात्र कोणाला आठवत नाही. गावच्या पाटलानेही रझाकारांना कोंबडी-भाकर घातली होती. त्याच्यावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

निवाडा रात्री होतो. न्यायाधीश नाही, वकील नाही. ते वाशीमचे वकील अशा वेळी बोलावले जात नाहीत, एवढे भान सगळ्यांना आहे. प्रश्न विचारणारे तिघे, त्यांतला एक मावशींचा पुतण्या.

आता तुमची पाळी. कॅम्पात फक्त तुम्हाला आणि दादाला माहीत आहे, की नाक्यावरून एक माणूस तुमचे नाव घेऊन गेला. नाव येसकराने सांगायची गरजच नव्हती. हे बोलायला उठलात तर अकरा घरांचा आणि मावशींच्या मुलाचा हिशेब तुमच्या दयेवर मांडला जाईल. गप्प राहिलात तर तो येसकरावर मांडला जाईल आणि पहाटेपर्यंत मिटेल. नाकेदाराला सोडताना जे काळीज पुढे आले होते ते आता पुढे येत नाही. एखाद्याला जीवदान देताना माणूस उंच होतो. त्या जीवदानाची किंमत तिऱ्हाइताकडून वसूल होत असताना 'ती माझ्या नावावर लिहा' असे म्हणायला भरमार बंदुकीसमोर उभे राहण्यापेक्षा जास्त लागते. प्रतिकाराच्या कथांमध्ये ही दुसरी रात्र सहसा सांगितली जात नाही. पहिलीवरच टाळ्या मिळतात.

तुम्ही बोलता. पण उशिरा बोलता. तोवर येसकराचा डावा हात मोडला आहे.

त्यानंतर जिनिंगमध्ये कोणी तुमच्या शेजारी अंथरूण टाकत नाही. दादा टाकतो, पण पाठ करून झोपतो.

३० जानेवारीला दूर नांदेडकडे मोठा डाव होतो. उमरखेडच्या बाजूने गेलेल्या टोळ्या उमरी गाठतात. रेल्वेचे गाव, तिथे स्टेट बँकेची शाखा. बँक फोडून वीस लाखांवर रुपये घेऊन माणसे नदीकडे निघतात. एवढा पैसा त्यांतल्या कोणी जन्मात पाहिला नव्हता, आणि त्याचा चोख हिशेब ठेवला गेला, असे त्या चळवळीतली माणसे पुढे कायम अभिमानाने सांगत. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा निजामाच्या तुरुंगात होते. त्यांच्यासारख्या संन्याशाच्या नावाने चाललेल्या लढ्यात बँक फोडावी का, हा प्रश्न त्या हिशेबाच्या चोखपणाने त्या माणसांनी स्वतःपुरता सोडवला होता, असे मला वाटते.

पण त्याच संध्याकाळी दिल्लीत प्रार्थनेला जाताना गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. वाशीमला बातमी रेडिओवरून येते. वकील चौकातून जिनिंगपर्यंत अनवाणी चालत येतात. मारणारा मराठी ब्राह्मण आहे हे कळायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या दिवसांत महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटवली जातात. पुन्हा तेच, करणारा एक आणि जळणारे घर दुसऱ्याचे. जिनिंगमध्ये त्या रात्री बंदुका कोपऱ्यात उभ्या राहतात. तिसऱ्या दिवशी त्या परत पुसल्या जातात. तुम्हीही पुसता. रझाकारांनी उपोषण केलेले नाही.

उन्हाळा असाच जातो. नदी आटते, टोळ्यांचे जाणे-येणे वाढते. तिकडून निर्वासितांचे लोंढे येतात, आणि इकडचे काही मुसलमान घाबरून उलट दिशेने हैदराबाद राज्यात जातात. वाटेत दोघांची बोचकी सारखीच दिसतात. वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे एक महाविद्यालय आज त्यांच्या नावाने आहे.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजा चारी बाजूंनी आत शिरतात. १७ ला निजाम शरण येतो. पैनगंगेला पूर आहे, पण लोक थांबत नाहीत, डोंगीतून, मिळेल त्या मार्गाने पलीकडे जातात. तुम्ही जाता. वर्षभर ज्या मातीसाठी झुरलात ती चिखल होऊन पायाला लागते आणि कोणीतरी गुलाल उधळतो.

मग दुसरा धूर दिसतो. या वेळी मोहल्ल्यातून.

रझाकारांनी केले त्याचा वचपा काढला जातो आहे, आणि तो रझाकारांवर निघेलच असे नाही, कारण खरे रझाकार आधीच पळालेत किंवा पकडले गेलेत. उरलेत ते विणकर, खाटीक, पेन्शनर, शिपाई, त्यांच्या बायका. नेहरूंनी पुढे पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. त्यांचा अंदाज होता की राज्यभरात कारवाईच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत वाईट होते. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्या नोंदीही त्यांनी केल्या. तो अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१३ साल उजाडले. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, आणि केलेच पाहिजे, कारण रझाकारी खरी होती आणि तिच्याशी लढणेही खरे होते. पण त्या तारखेनंतरच्या आठवड्यांबद्दल आपल्याकडे फारसे बोलत नाहीत. ते बोलल्याने लढा लहान होईल अशी भीती वाटते. मला उलट वाटते. नाक्यावरचा तो नाकेदार ज्याने सोडला त्याच्या लढ्याला ही भीती नसावी.

तुमच्या गावात शाळेचे छप्पर गेले आहे, भिंती आहेत. तिसऱ्या दिवशी नाकेदाराची बायको येते. बुरख्याची एक बाजू फाटलेली, सोबत धाकटा, तोच वजाबाकीचा. नवऱ्याला रझाकार म्हणून धरून हिंगोलीला ठेवले आहे. काँग्रेसच्या माणसाने लिहून दिले तर सोडतील असे तिला कोणी सांगितले. "मास्टरसाब, इत्ताच लिख देव, के उनो रझाकार नै थे."

ओट्यावर दादा आहे, पाटील आहे, मावशी आहेत, आणि जरा लांब, हात गळ्यात बांधलेला येसकर. सगळे ऐकतात. त्या जानेवारीत कचेरीत तुमचे नाव नाकेदाराने सांगितले होते का? तुम्हाला माहीत नाही. त्याने नसेल सांगितले तर पळालेल्या शिपायाने सांगितले असेल. किंवा पाटलाने. आता विचारून कळणारही नाही, सोडवून घ्यायला आलेली बाई नाहीच म्हणणार.

तो रझाकार नव्हता. एवढे तुम्हाला नक्की माहीत आहे, आणि तिने एवढेच मागितले आहे. पाटील म्हणतो, "गुरुजी, लिहून देऊ नका. उद्या सगळे येतील दारात." तुम्ही कागद घेता आणि उर्दूत लिहायला लागता, मग थांबून कागद उलटा करून मराठीत लिहिता, कारण आता कचेरीत मराठी चालेल. सदर इसम करोडगिरीवर नोकर होता, रझाकार संघटनेत नव्हता, हे मी स्वतःच्या माहितीवरून लिहून देतो. खाली सही. साक्षीदार म्हणून दुसरी सही लागते. पाटील उठून जातो. दादा बराच वेळ कागदाकडे बघतो आणि करतो.

बाई कागद घडी घालून पोराच्या खिशात ठेवते आणि निघते. मावशी जागच्या हलत नाहीत.

"कागद हाये का आजून?" त्या विचारतात. "मग माझंबी लिव्हा. पोराचं नाव लिव्हा, वय इकोणीस. एक बैलजोडी. पाच पोती ज्वारी. घराला सागाची आडं होती, ती लिव्हा. अन् नाक्यावं कोण गेल्तं, ते बी."

तुम्ही दुसरा कागद घेता.